बाहेरचा पार्ट लावायचाय आणि वॉरंटीही टिकवायचीय? मग कामाचा क्रम असा ठेवा

नवी गाडी घरी आली की पुण्यातला माणूस महिन्याभरात नाना पेठ, म्हणजे गाड्यांच्या पार्टचा बाजार, गाठतोच. स्टिरिओ, हॉर्न, सीट कव्हर, फॉग लॅम्प, सगळं एका दुपारी बसवून होतं, आणि मग कधीतरी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकायला मिळतं की "सर, बाहेरचं काम केलंय ना, वॉरंटी गेली". काही जण हे ऐकून गप्प पैसे भरतात, काही जण यूट्यूबवर काहीतरी बघून आलेले असतात ते भांडतात, आणि दोघांचंही नुकसानच होतं. कारण बाहेरचा एक बल्ब लावला म्हणून आख्ख्या गाडीची वॉरंटी संपते हेही खरं नाही, आणि कंपनी आपलं काहीच अडवू शकत नाही हेही खरं नाही. वॉरंटी सहसा अडते ती त्या त्या सिस्टिमपुरती, आणि अडणार की नाही हे बरंचसं पार्ट लावायच्या आधीच ठरलेलं असतं. लोक आधी लावतात, मग विचारतात, आणि बिल तर क्लेम नाकारल्यावर शोधायला लागतात. हा क्रमच उलटा करायचाय.

टप्पा १: दुकानाआधी वॉरंटी बुकलेट

ग्लव्ह बॉक्समधे जे पाऊच असतं त्यात मॅन्युअलबरोबर वॉरंटीचं बुकलेट असतं, नसेल तर कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर पीडीएफ मिळतं. सगळं वाचायची गरज नाही, तीन जागा शोधा.

पहिली, कशाला वॉरंटी नाहीच त्याची यादी. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब असे झिजणारे पार्ट बहुतेक ठिकाणी या यादीत असतात, म्हणजे मुदतीनंतर ब्रेक पॅड बाहेरून बदलले म्हणून पॅडची वॉरंटी जायचा प्रश्नच नसतो, प्रश्न येतो तो त्या पॅडमुळे डिस्क खराब झाली तर. टायर आणि बॅटरीची वॉरंटी सहसा त्या त्या टायर-बॅटरी कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही, त्यांची कार्डं वेगळी जपा.

दुसरी जागा म्हणजे मॉडिफिकेशनचं कलम. इथे शब्द नीट बघा. "मान्यता नसलेल्या पार्टमुळे झालेलं नुकसान" असं लिहिलंय, की "मान्यता नसलेला पार्ट बसवल्यास" असं? पहिल्यात नुकसान त्या पार्टमुळे झालं का हा प्रश्न राहतो, दुसरं वाक्य बरंच कडक आहे. ते पान मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तिसरी, सर्व्हिसचं वेळापत्रक. त्यावर पुढे बोलू.

*सावध:* एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचं बुकलेट वेगळं असतं आणि अटीही वेगळ्या, बऱ्याचदा जास्त कडक. एक वाचून दुसरं गृहीत धरू नका.

टप्पा २: पार्ट कुठल्या गटातला आहे ते ठरवा

सगळ्या बाहेरच्या पार्टना एकच नियम लावणं ही मोठी चूक. साधी फ्लोअर मॅट, मोबाईल होल्डर, मडफ्लॅप, सनशेड ही बिनधास्त घ्या, गाडीच्या कुठल्याच सिस्टिमशी त्यांचा संबंध नाही. फक्त ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर दुसरी मॅट टाकू नका, पेडलखाली अडकते.

दुसरा गट विचार करून घ्यायचा. स्टिरिओ, कॅमेरा, डॅशकॅम, हॉर्न, हेडलाईट बल्ब, बॅटरी, टायर, अलॉय, ऑइल, फिल्टर. यात वस्तू चांगली असली तरी फिटिंग चुकलं की क्लेम अडतो.

तिसरा गट म्हणजे ईसीयू रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), ट्यूनिंग बॉक्स (त्याच कामाचा बाहेरून जोडायचा डबा), बदललेला एक्झॉस्ट, उंची कमीजास्त करणारं सस्पेन्शन, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. इथे त्या सिस्टिमची वॉरंटी गेली असं धरूनच निर्णय घ्या, रीमॅप करून इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटीही राहील अशी आशा कुणी दाखवत असेल तर त्याच्याकडून लेखी मागा, देणार नाही.

आणि वॉरंटीच्या पलीकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट मान्यताप्राप्तच हवं आणि आरसीवर त्याची नोंद करून घ्यावीच लागते. पुढे लावतात तो लोखंडी क्रॅश गार्ड तर केंद्राने डिसेंबर २०१७ मधेच बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलंय, शिवाय टक्कर झाल्यावर गाडीचा पुढचा भाग जसा चेपायला हवा तसा चेपत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा धक्काही बदलतो. तो लावूच नका.

टप्पा ३: लेखी विचारा

सर्व्हिस ॲडव्हायझर चहाच्या टपरीवर "लावा हो, काही होत नाही" म्हणाला, याला काडीची किंमत नाही, तो माणूस सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, सर्व्हिस सेंटरला कॉपी ठेवा. मजकूर छोटाच ठेवा, असा (कपलर म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग):

"माझी गाडी अमुक मॉडेल, चेसिस नंबर अमुक, आत्ता ८,२०० किलोमीटर झालेत. मला अमुक कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा, मॉडेल नंबर अमुक, वायर न कापता कपलरने बसवायचाय. यामुळे वॉरंटीच्या कुठल्या भागावर परिणाम होईल ते बुकलेटमधल्या कलमासह कळवा."

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. "वॉरंटी जाईल का" असं विचारू नका, त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. "कुठल्या भागावर" विचारलं की समोरच्याला नेमकं लिहावं लागतं. आणि पार्टचं मॉडेल लिहा, नुसतं "कॅमेरा" लिहून मिळालेलं उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तरी मेल जपून ठेवा, तुम्ही काही लपवलं नव्हतं एवढं तरी त्यातून दिसतं.

टप्पा ४: खरेदी, आणि पक्कं बिल

बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक, गाडीच्या कंपनीच्या पॅकिंगमधला. दोन, ज्या कारखान्याने तो पार्ट गाडीच्या कंपनीला पुरवला त्याच्याच स्वतःच्या नावाच्या बॉक्समधला, म्हणजे बॉश, व्हॅलिओ, लुमॅक्स, गॅब्रिएल वगैरे. तीन, बाकी सगळं लोकल. दुसरा प्रकार बऱ्याचदा स्वस्त आणि दर्जेदार असतो, पण "कंपनीला हेच पुरवतात" हे दुकानदाराच्या तोंडचं वाक्य पुरेसं नाही. जुन्या पार्टवरचा नंबर आणि नव्या बॉक्सवरचा रेफरन्स नंबर जुळवून बघा. आपल्या गाडीला कुठल्या सप्लायरचा पार्ट आलाय ते जुन्या पार्टवरच छापलेलं असतं बहुतेक वेळा.

नाना पेठेत जाताना जुना पार्ट किंवा त्याचा फोटो आणि आरसीचा फोटो बरोबर ठेवा, एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतल्या गाड्यांना वेगळे पार्ट असतात आणि "बसतो की" म्हणून दिलेला पार्ट बसवताना क्लिप तुटतात.

बिलावर एवढं हवंच: दुकानाचा जीएसटी नंबर, तारीख, पार्टचं नाव आणि नंबर, तुमच्या गाडीचा नंबर, आणि फिटिंग तिथेच केलं असेल तर मजुरी वेगळ्या ओळीत. कच्च्या बिलावर शे-दोनशे वाचतात पण मग तो पार्ट ओरिजिनल होता हे दाखवायला तुमच्याकडे काहीही उरत नाही.

*सावध:* शोरूममधेच डिलिव्हरीच्या वेळी बसवलेली ॲक्सेसरी म्हणजे कंपनीची ॲक्सेसरी असं समजू नका. बरेच डीलर बाहेरच्याच व्हेंडरचा माल लावून देतात. बिल बघा, गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर आहे का? नसेल तर तोही बाहेरचाच पार्ट, फक्त महाग मिळालेला. डिलिव्हरी घेण्याआधी ॲक्सेसरीचं वेगळं बिल मागा आणि त्यांची वॉरंटी कोण देणार ते त्यावर लिहून घ्या.

टप्पा ५: फिटिंग, इथे सगळ्यात जास्त क्लेम मरतात

वायरिंगपासून सुरू करू, कारण भांडणं याच्यावरूनच जास्त होतात. नियम एकच, कंपनीची एकही वायर कापू द्यायची नाही. वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली की पुढे इलेक्ट्रिकलचा कुठलाही दोष आला तरी सर्व्हिस सेंटरवाला तिथे बोट ठेवणार, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकतही नाही, पावसाळ्यात अशा सांध्यांत पाणी जाऊन गंजतं. स्टिरिओ घेताना गाडीच्या मॉडेलचा कपलर बरोबर येतो का ते आधी विचारा. हॉर्नला रिले आणि फ्यूजसह तयार वायरिंग किट मिळतं. डॅशकॅमला फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून वेगळी वायर काढायचा जोड) वापरा, पण तो एअरबॅग, एबीएस किंवा ईसीयूच्या फ्यूजवर नको, सिगरेट लायटर किंवा ॲक्सेसरीच्या फ्यूजवर घ्या.

हेडलाईट बल्बचं गणित एकदा करून बघाच. कंपनीचा साधा एच-४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो. १२ व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, दोन बल्बचे १०. दुकानदार ज्यादा उजेडाचा म्हणून १००/९० वॅटचा देतो, तो ओढतो ८.३ अँपिअर, दोन मिळून साडेसोळाच्या वर. वायर, स्विच आणि होल्डर तेच जुने, त्यामुळे होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो, आणि हेडलाईटचं युनिट बदलायची वेळ आली की क्लेम नाकारला जातो, तो नाकारणं बरोबरच असतं. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

सीट आणि एअरबॅग. हल्ली बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेला असते, तिथे एअरबॅगचा टॅग शिवलेला दिसतो. अशा सीटवर सरसकट शिवलेलं जाड कव्हर घातलं तर एअरबॅग उघडायला अडथळा होतो. कव्हर घेताना त्या कडेला फाटणारी शिलाई किंवा मोकळी जागा आहे का ते हाताने चाचपून बघा. फ्लोअर लॅमिनेशनसाठी सीट काढतात तेव्हा सीटखालचे पिवळे कपलर सुटतात, ते एअरबॅगच्या वायरिंगचे असतात. इग्निशन चालू असताना ते काढले की मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही. सीट काढणार असतील तर इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं, आणि मॅन्युअलमधे सांगितलाय तेवढा वेळ थांबून मगच कपलरला हात, हे समोर उभं राहून करून घ्या. सीट न काढता बसणारी मॅट मिळत असेल तर तीच घ्या, हे माझं स्पष्ट मत.

टायर बदलताना रुंदी वाढवायचा मोह होतो, पण बघायचा तो पूर्ण व्यास. १६५/८० आर १४ चा व्यास येतो साधारण ६२० मिलिमीटर (१६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, त्याची दुप्पट २६४, अधिक १४ इंचाचे ३५५.६). १८५/६५ आर १५ चा येतो ६२१.५, म्हणजे जवळपास तोच. पण २०५/६५ आर १५ घातला की ६४७.५ होतो, साडेचार टक्के जास्त, मग स्पीडोमीटर कमी दाखवतो, टायर आतल्या लायनरला घासतो, आणि पुढे व्हील बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा आवाज आला की बोट टायरकडे. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज, तो दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमधे असतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो ते अक्षर) मूळ टायरपेक्षा कमी नको.

बाहेरून अंडरबॉडी कोटिंग करणार असाल तर दाराखालची आणि सिलमधली पाणी जायची भोकं बुजलेली नाहीत ना ते काम झाल्यावर टॉर्च लावून बघा. गंजाच्या वॉरंटीत हा मुद्दा निघतो.

*तपासा:* फिटिंग झाल्यावर लगेच निघू नका. इग्निशन चालू करून सगळे वॉर्निंग दिवे लागून विझतात का बघा, लाइट, हॉर्न, पॉवर विंडो, स्टिअरिंगवरची बटणं, सेंट्रल लॉक सगळं चालवून बघा. एकही दिवा राहिला तर तिथेच थांबायचं.

टप्पा ६: फाइल करा

मोबाईलमधे गाडीच्या नावाने एक फोल्डर. त्यात फिटिंगआधीचा फोटो, फिटिंग चालू असताना कपलर दिसेल असा फोटो, नंतरचा फोटो, त्या दिवशीच्या ओडोमीटरचा फोटो, बिल, बॉक्सवरच्या नंबरचा फोटो. कागदी बिलाची शाई वर्षभरात उडते, त्यामुळे त्याच दिवशी स्कॅन.

काढलेले कंपनीचे पार्ट भंगारात देऊ नका. बल्ब, हॉर्न, स्टिरिओ, एअर फिल्टर बॉक्स, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू देत.

इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. अलॉय, स्टिरिओ अशा नंतर बसवलेल्या वस्तू पॉलिसीत नोंदवल्या नाहीत तर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि सीएनजी किट नोंदवलं नसेल तर क्लेमच अडचणीत येतो.

टप्पा ७: सर्व्हिस चुकवू नका

पार्टपेक्षा इथे जास्त लोक फसतात. "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने" याच्यापुढे "जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. घरून काम करणाऱ्याची गाडी वर्षात ४,००० चालते, त्याला वाटतं अजून सहा हजार बाकी आहेत, आणि इकडे मुदत निघून गेलेली असते. तारीख कॅलेंडरमधे टाका. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिस ऑथोराइज्ड सेंटरलाच करा, त्यात पैसे वाचवायला जाऊ नका.

मधेच बाहेर ऑइल बदलावं लागलं तर मॅन्युअलमधला ग्रेड तंतोतंत. ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर "आपल्याकडच्या उन्हाला जाड बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० नाही. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला राख कमी होणारं ऑइल लागतं, साधं ऑइल घातलं तर फिल्टर चोक होतो आणि त्याचा खर्च मोठा आहे. बिलावर ऑइलचा ब्रँड, ग्रेड, लिटर, फिल्टरचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या.

टप्पा ८: क्लेम करताना

आदल्या रात्री बाहेरचा पार्ट काढून गाडी नेणं, हे करूच नका. स्क्रूच्या खुणा, टेपचा चिकटपणा दिसतो, आणि रीमॅप पुसलं तरी काही ईसीयूत किती वेळा सॉफ्टवेअर टाकलं त्याची नोंद राहते. लपवलेलं सापडलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. बसवलेलं आहे ते सांगा, बिल दाखवा.

जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर भरतं तो कागद) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "एसी काम करत नाही" असं नको, "गाडी सिग्नलला उभी असताना एसी गरम हवा देतो, चालायला लागली की थंड होतो" असं. कॉपी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका आणि कोऱ्या कार्डवर सही नको.

वॉरंटी नाकारली तर आवाज न चढवता लेखी मागा: कुठला पार्ट फेल झाला, कशामुळे झाला, बाहेरच्या पार्टचा त्याच्याशी संबंध नेमका काय, बुकलेटमधलं कलम कुठलं, आणि स्कॅनरचा रिपोर्ट. स्टिरिओ लावलाय आणि पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली, तर "बाहेरचा स्टिरिओ" एवढं कारण चालणार नाही, त्या स्टिरिओने मोटर कशी गेली ते सांगा म्हणायचं. अर्धे नकार लेखी मागितल्यावर पुन्हा तपासले जातात, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय.

बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही असं सांगत यूट्यूबवर ज्या कायद्याचा दाखला देतात तो १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा अमेरिकेचा आहे, तो इथे काउंटरवर सांगून हसं करून घेऊ नका. आपल्याकडे कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता, त्यात म्हटलंय की बाहेरच्या गॅरेजमधे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, त्यामुळे हा हुकमाचा एक्का समजू नका, पण मेलमधे हा मुद्दा जरूर लिहा.

टप्पा ९: तरी ऐकलं नाही तर

आधी सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीच्या कस्टमर केअरला जॉब कार्ड नंबर, चेसिस नंबर आणि फोटोंसह मेल, उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत देऊन. वॉरंटी देणारी कंपनी असते, म्हणून फक्त डीलरशी भांडत बसू नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

गाडीशिवाय अडत असेल तर पैसे भरून गाडी घ्या, पण बिलावर "हरकत नोंदवून रक्कम भरली" असं लिहून सही करा, त्याचा फोटो काढा, आणि तेच त्या दिवशी मेलवरही टाका.

शेवटी पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही पुण्यात राहता म्हणून इथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ५० लाखांपर्यंतची गाडी जिल्हा आयोगाकडे जाते, फी गाडीच्या किमतीवर ठरते, ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. डीलर आणि कंपनी दोघांना प्रतिवादी करा. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडलं तिथपासून, मेल-मेल खेळण्यात ती घालवू नका.

आणि पैसे भरून दुरुस्ती करून घेतली असेल तर काढलेला फेल पार्ट सर्व्हिस सेंटरकडून मागून घ्या, पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग पार्ट लॅबकडे पाठवू शकतो, आणि तेव्हा तो तुमच्याकडे असायला हवा.